१८८१ चा पाव तांगा: डबल डाय की नुसती झीज?

म्हापशाचा_नाणेवाला
तांब्याचा पाव तांगा (पोर्तुगीज काळातलं गोव्याचं नाणं), पोर्तुगालचा राजा लुईश, सन १८८१. वजन ६.३ ग्रॅम. बराच फिरलेला आहे: राजाचे केस सपाट झालेत, अक्षरं मात्र सगळी लागतात. १० पट भिंगाखाली 'रेक्स'च्या (REX, म्हणजे राजा) तिन्ही अक्षरांना उजवीकडे दुसरी कड दिसते. सनातल्या शेवटच्या आकड्यालाही एक दुसरी कड आहे. मागची बाजू साफ. विकणारा डबल डाय (साच्यातच दुहेरी छाप असण्याचा दोष) म्हणून तिप्पट भाव सांगतोय. पैसे अजून दिलेले नाहीत, नाणं दोन दिवस पाहायला मिळालंय. एवढ्या झिजलेल्या नाण्यावर नक्की कसं ठरवायचं?

खाजनकाठ
आधी दोष कुठे तयार होतो ते बघा. हबवरून (उठावाच्या मूळ ठशावरून) डाय, म्हणजे नाण्यावर छाप पाडणारा साचा, उठवताना एका दाबात पुरी खोली मिळायची नाही. डाय तापवून मऊ करायचा, परत दाबायचा. दुसऱ्या दाबाला हब जरा सरकला की डायमध्येच दोन प्रतिमा कोरल्या जातात. तो खरा डबल डाय, आणि त्या डायच्या प्रत्येक नाण्यावर तो तसाच उतरतो. मशीन डबलिंग वेगळं. डाय सैल असतो, ठोका पडून गेल्यावर किंचित सरकतो आणि नुकतंच उठलेलं अक्षर बाजूने चेपतो.

यावरूनच फरक कळतो. खऱ्या दुहेरीत अक्षराला धातू वाढीव मिळतो: दुसरी प्रतिमा गोलसर उठावाची, अक्षर रुंद, कोपऱ्यातल्या टोकांना खाच. मशीनच्या दुहेरीत नवा धातू येतच नाही. पायाशी एक सपाट, बुटकी पायरी पडते आणि ती अक्षराच्या स्वतःच्या रुंदीतूनच जाते.

झिजलेल्या नाण्यावर लोक नेमके इथेच फसतात. अक्षराच्या बाजू उतरत्या असतात, म्हणून माथा घासला की वरून अक्षर जाड दिसतं. माथ्याची रुंदी मोजूच नका. पायाशी, जमिनीलगत (नाण्याच्या सपाट भागालगत) मोजा. त्याच सनाचा आणि साधारण तितकाच झिजलेला दुसरा पाव तांगा शेजारी ठेवा. अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी चौकटीत घेऊन दोन्हींचे फोटो एकाच उंचीवरून काढा, कॉम्प्युटरवर मोठे करा. पाया सारखाच भरला तर डबल डाय विसरा.

माथे झिजले की दोन प्रतिमांमधली फटही जाते. म्हणून खाच शोधायची ती आडोशाच्या जागी: 'ई'च्या आतले कोपरे, 'आर'च्या पोटाखालची बेचकी.

उजेड एकाच दिव्याचा, तोही तिरका. नाणं हळूहळू फिरवा. सपाट पायरी एका ठरावीक कोनात सबंध एकदम उजळते नि एकदम विझते. गोलसर उठावावर उजेड सरकत जातो. भिंगाभोवतीचा गोल दिवा बंदच ठेवा, त्यात सगळंच सपाट दिसतं.

तांबेरा
वरच्यात एक भर. झिजलेल्या *डायमुळेही* भुताटकीसारखी दुसरी कड दिसते. ती बहुधा सगळ्या मजकुराला असते, काठाच्या दिशेने पसरलेली, आणि जमिनीवर मधून काठाकडे जाणाऱ्या बारीक रेषा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा असतो. तुमच्या नाण्यावर तीनच अक्षरं आहेत, म्हणून हे कारण मला लागू वाटत नाही.

मोजण्याआधी मळ काढा, पण चिंच नको, सोलांचं (कोकमाचं) पाणी नको, पितळ घासायची पावडर तर नकोच. आम्लाने तांब्याचा वरचा थर जातो आणि अक्षरांच्या कडा खाल्ल्या जातात; मग खरी खाच कुठली नि खाल्लेली कुठली, काही कळत नाही. डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर, मग काचेच्या बाटलीत शुद्ध अॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर चालणार नाही, त्यात इतर पदार्थ असतात. अॅसिटोनने तेल-मेण सुटतं, हिरवा गंज सुटत नाही. आपल्या खाऱ्या हवेत अक्षरांच्या बुडाशी तो हमखास धरतो आणि भिंगाखाली दुसरी कड म्हणून मिरवतो. भिजलेल्या बांबूच्या काडीने टोकरून बघा. सुटला तर गंजच.

म्हापशाचा_नाणेवाला
दोन्ही केलं. 'रेक्स'चा पाया दुसऱ्या नाण्याइतकाच भरतो, दुसरी कड सपाट आहे, तिन्ही अक्षरांना एकाच दिशेला. शेवटच्या १ चं मात्र वेगळं: पायाच्या पट्टीला डावीकडे खाच, पट्टी रुंद, आणि उठाव गोलसर. काडीने काही सुटलं नाही.

खाजनकाठ
म्हणजे एका नाण्यावर दोन गोष्टी. 'रेक्स' हे मशीन डबलिंग, त्याला जादा भाव नाही. १ ची दिशा उलटी आणि रूपही निराळं, म्हणून तो त्याच सरकण्यातला नव्हे. सनाचे आकडे डायवर हाताने ठोकण्याची रीत त्या काळी बऱ्याच टांकसाळींत होती. ठोका चुकला की पुन्हा ठोकायचे. तुमचा १ तसाच दुबार ठोकलेला दिसतो. संग्राहकाला त्यात रस असतो, पण तो डबल डाय नव्हे, आणि त्या नावाने तिप्पट पैसे मोजायचं कारण नाही.

पक्कं करायचं तर त्याच डायचं दुसरं नाणं हवं: १ ची खाच तशीच, आणि शिवाय डायची एखादी भेग किंवा ओरखडा दोन्हींवर त्याच जागी. नुसती खाच जुळून भागत नाही. शुक्रवारच्या बाजारात तांब्याच्या ढिगात १८८१ चे पाव तांगे मिळाले तर भिंग घेऊन फक्त शेवटचा आकडा पाहत जा, बाकी नाणं घरी तपासता येतं.

तांबेरा
तोवर विकणाऱ्याला साध्या पाव तांग्याचा भाव सांगा. १ बद्दल त्याला विचारायचं की नाही ते तुम्ही ठरवा.