अपेक्षा लिहिल्या एक, आवडलं भलतंच, असं का होतं?

खारीबिस्कीट: वय २९, पुणे. वर्षभर स्थळं बघतेय. प्रोफाईलमधल्या अपेक्षा आईने लिहिल्यात, खरं तर निम्म्या माझ्याच, उंची ५ फूट १० च्या वर, पगार माझ्यापेक्षा जास्त, स्वतःचा फ्लॅट वगैरे. तसे सहाजण भेटले, कॉफी संपायच्या आत बोलणं संपलं. आणि आता कंपनीच्या बसमध्ये रोज शेजारी बसणारा एकजण आवडायला लागलाय, उंची माझ्याएवढीच, राहतो भाड्याच्या खोलीत. सायकॉलॉजीत याला काही उत्तर आहे का मीच येडी?

तिसरी_घंटा: येडी नाहीस गं. २००८ मध्ये ईस्टविक आणि फिंकेल या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या पोरांचं स्पीड डेटिंग घेतलं, आधी लिहून घेतलं काय हवंय, मग चार चार मिनिटं भेटवलं. मुली पगारपाणी म्हणत होत्या, मुलं दिसणं म्हणत होती, प्रत्यक्ष कोण आवडलं ते त्या लिहिलेल्याशी जुळेचना. उंचीवरून आठवलं, १९६६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ७५२ नवीन पोरांना सांगितलं की कॉम्प्युटरने जोड्या लावल्यात, आणि लावल्या होत्या चक्क आंधळेपणाने! फक्त मुलगी मुलापेक्षा उंच नको एवढं पाळलं. म्हणजे तुझ्या आईची अट तिथेपण होतीच 😄

बाकरवडी४२०: सगळा बसचा खेळ आहे. बोसार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये फिलाडेल्फियातली ५००० लग्नाची लायसन्स तपासली, साधारण एक तृतीयांश जोडपी लग्नाआधीच एकमेकांपासून पाच ब्लॉकच्या, म्हणजे पाचेक गल्ल्यांच्या, आत राहणारी. रोज दिसणारा माणूस आपसूक बरा वाटायला लागतो, मानसशास्त्रज्ञ झायन्सने १९६८ ला हेच दाखवलं.

निवांत_काका: आमच्या सोसायटीत ३० वर्षं रोज दिसणारे आहेत, एकही बरा वाटत नाही. जोक सोडा, जवळ राहणाऱ्यांशीच वैर जास्त होतं असंही १९७६ च्या एका अभ्यासात निघालंय. आणि ताई, बसमध्ये कोण चढतं बघा की. तेच शिक्षण, तीच कंपनी, तेच वीकेंड. डॉन बर्न नावाचा मानसशास्त्रज्ञ म्हणायचा, विचार जुळणारा माणूस आवडतो. तुमची चाळणी एचआरने आधीच लावून ठेवलीय.

खारीबिस्कीट: काका हे पटलं. फक्त एचआर जात विचारत नाही आणि तो आमच्यातला नाही. प्रोफाईलमध्ये आईने 'जातीचं बंधन नाही' लिहिलंय. घरी सांगितलं की अचानक उंचीच आठवेल बघा सगळ्यांना.