विषय: देवगडला सारखं जाणं-येणं होतं, हलका लॅपटॉप कोणता घ्यावा?

मंडळी नमस्कार,

माझं माहेर देवगड तालुक्यात, घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर. बाबांच्या ऑपरेशननंतर गेलं वर्षभर मी दर दोन-अडीच महिन्यांनी इथून बर्मिंगहॅमहून तिकडे जाते, तीन आठवडे राहते आणि तिथूनच ऑफिसचं काम करते. ऑफिसला माझा स्वतःचा लॅपटॉप चालतो, फक्त व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर, लागतं. इथले सकाळचे नऊ म्हणजे तिकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच, त्यामुळे काम संपता संपता रात्रीचे दहा-अकरा वाजतात, आणि लाइट जायची असली की नेमकी त्याच वेळात जाते.

आत्ताचा लॅपटॉप २०१६ चा आहे, सव्वादोन किलोचा, त्याच्यावर विंडोज ११ चढत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे ऑफिसवाले आज ना उद्या बंद करणारच. शिवाय मुंबईला उतरून रात्रीची कोकणकन्या पकडायची, पहाटे कणकवलीला उतरायचं, तिथून एसटी नाहीतर रिक्षा, आणि खांद्यावर ती बॅग, ते आता खरंच होत नाही. हल्ली शक्यतो गोव्याच्या मोपा विमानतळावरून जाते, तिथून रस्त्याने बरं पडतं, पण केबिन बॅगचं सात किलोचं बंधन आहेच, त्यात बाबांची औषधं आणि कागदपत्रं हातातच ठेवायची असतात.

मला एक्सेल, व्हिडिओ कॉल, ईमेल आणि बागेचा हिशोब एवढंच लागतं, गेम वगैरे काही नाही. सगळ्यात हलका कुठला, हे कोणी वापरून बघितलेलं असेल तर सांगा. आणि भाच्यासाठी पण एक घेऊन जाऊ का, कस्टममध्ये अडवतात का?

— देवगडची ताई

* * *

अगं,

मी सध्या हर्णैलाच आहे, एप्रिलपर्यंत इथेच, म्हणून सविस्तर लिहितो. "सगळ्यात हलका कुठला" हाच प्रश्न मी चार वर्षांपूर्वी धरून बसलो होतो आणि फक्त वजनाचा आकडा बघून एक किलोच्या आतला घेतला, कंपनीचं नाव इथे नको. दोन पावसाळ्यांत त्याची बिजागरी करकरायला लागली, चार्जिंगच्या तोंडाशी गंज धरला आणि पंखा असा आवाज करायला लागला की कॉलवर पलीकडचे विचारायचे पाऊस पडतोय का. मुंबईला दुरुस्तीला नेला तेव्हा त्या मुलाने उघडून दाखवलं, आत पंख्याच्या पात्यांवर लाल धुळीचा आणि खाऱ्या ओलाव्याचा चिकट थर बसलेला. आपल्या घराभोवती जांभ्याची माती, समोर समुद्र, पंखा दिवसभर तीच हवा आत ओढणार, दुसरं काय होणार. तेव्हा पहिली गोष्ट, जमलं तर बिनपंख्याचं मशीन बघ. मॅकबुक एअरमध्ये ॲपलच्या एम१ चिपपासून, म्हणजे २०२० च्या नोव्हेंबरपासून पंखाच नाही. मे महिन्यात ओटीवर बसून जड काम केलंस तर ते गरम होऊन जरा मंदावतं हे खरं, पण तुझ्या एक्सेलला त्याने काही फरक पडणार नाही.

दुसरी गोष्ट वीज. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत काही आठवडे वीज नव्हती, तुमच्या बाजूला २०२१ च्या मे महिन्यात तौक्तेने तसंच केलं. ते सोड, साधा वळवाचा पाऊस आला, लाइनवर फांदी पडली की चार-पाच तास गेले. तेव्हा लॅपटॉप किती हलका हे कामाला येत नाही, तो वीज किती खातो ते येतं. एअरची बॅटरी साधारण ५०-५५ वॅट-अवरची असते, लिहिणं-वाचणं चाललेलं असताना मशीन पाच-सहा वॅट घेतं म्हणजे आठ-नऊ तास सहज निघतात, व्हिडिओ कॉल सुरू केलास की ते निम्म्यावर येतं. घरी इन्व्हर्टर असेल तर तीस वॅटचा चार्जर त्याला काहीच नाही, छताचा साधा पंखा याच्या दुप्पट घेतो.

पॉवर बँक घेताना नीट बघ, इथे लोक फसतात. बाजारात ज्या स्वस्त, "२२.५ वॅट फास्ट चार्जिंग" लिहिलेल्या मिळतात त्या फोनसाठी असतात, लॅपटॉप त्यांना बहुधा दाद देत नाही किंवा टक्का पुढे सरकतच नाही. टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी, जास्त वॅटने चार्ज करायची पद्धत) लिहिलेलं हवं आणि निदान ४५ वॅट हवं, बऱ्याच विंडोज लॅपटॉपना त्यात २० व्होल्ट आहे का तेही बघावं लागतं. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-अवर, एमएएचला हजाराने भागून ३.७ ने गुणायचं. विमानात १०० वॅट-अवरपर्यंत विनापरवानगी चालते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते, आणि ती हातातल्या बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये नाही. आकडा पुसट झालेली जुनी पॉवर बँक नेऊ नकोस, सिक्युरिटीवाले काढून ठेवतात. ७४ पैकी लॅपटॉपपर्यंत पोचतात पन्नासेक, बाकी रूपांतरात जातात, म्हणजे एअर जवळजवळ एकदा पूर्ण भरतो. तुझा एक संध्याकाळचा प्रश्न सुटला.

आणि वजनाचं म्हणशील तर लॅपटॉपचं एकट्याचं वजन बघू नकोस, पूर्ण पोतडी तराजूवर ठेव. १३ इंची एअर सव्वा किलोच्या आसपास, एलजी ग्रॅमचा १४ इंची एक किलोच्या आसपास, म्हणजे फरक पाव किलोचा. पण जुन्या पद्धतीचा ठोकळा चार्जर आणि त्याची जाड वायर हेच पाव किलोच्या वर जातं, त्याऐवजी ६५ वॅटचा छोटा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने लहान) चार्जर घेतलास की फोन, लॅपटॉप, पॉवर बँक सगळं त्याच्यावरच होतं. चार्जरवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर वगैरे काही लागत नाही, फक्त पिन बदलायची.

एवढं सगळं केलं आणि पावसाळ्यात लॅपटॉप कपाटात बंद करून परत आलीस तर मात्र वाया गेलं. रोज वापरातलं मशीन आतून गरम राहतं म्हणून कोरडं राहतं, ठेवून दिलेल्याला बुरशी येते. ठेवायचाच असेल तर बॅटरी निम्मी भरून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पाकिटं घालून ठेव. तांदळाच्या डब्यात ठेवायला कोणी सांगेल, अजिबात ठेवू नकोस, तांदळाची पूड पोर्टात जाऊन बसते. एसी गाडीतून उतरल्यावर पण लगेच उघडू नको, अर्धा तास बॅगेतच राहू दे, नाहीतर थंड धातूवर बाहेरच्या दमट हवेचं पाणी धरतं.

— काका, हर्णै

* * *

काका, तुमचं विजेचं आणि मिठाचं सगळं पटलं, आमची आजी गुहागरला असते तिथे हेच अनुभवलंय. पण ताई, मी एअर घे असं डोळे मिटून म्हणणार नाही.

तुझं ऑफिस विंडोजवर आहे ना? मग आधी तुमच्या आयटीला विचार व्हीपीएन मॅकवर चालतं का. हाच प्रश्न स्नॅपड्रॅगनवाल्या नवीन विंडोज लॅपटॉपना पण विचारायचा, त्यांची बॅटरी खरंच मस्त चालते आणि ते हलकेही असतात, असूसचा झेनबुक ए१४ तर एक किलोच्या आत आहे, पण त्यांचा प्रोसेसर एआरएम पद्धतीचा, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचा असतो, त्यामुळे काही जुनी व्हीपीएन आणि जुन्या प्रिंटरचे ड्रायव्हर बसत नाहीत. माझ्या मैत्रिणीने उत्साहाने घेतला आणि ऑफिसचं एक सॉफ्टवेअर चाललं नाही म्हणून परत केला, परत करायची मुदत होती म्हणून निभावलं.

मी स्वतः थिंकपॅड एक्स१ कार्बन वापरते, साधारण १.१ किलो, पंखा आहे हे मान्य, पण कीबोर्डवर थोडं पाणी सांडलं तर सहन करतो, एचडीएमआय आणि जुना यूएसबी दोन्ही आहेत आणि सिमकार्ड घालता येतं असंही मॉडेल मिळतं, ते मी मुद्दाम घेतलं. आजीकडे फायबर येईपर्यंत फोनच्या हॉटस्पॉटवर दिवस काढले तेव्हा फोन दुपारीच संपायचा आणि मग लाइट गेली की फोन पण नाही, लॅपटॉप पण नाही. कोकण रेल्वेत मात्र काहीही घेतलंस तरी काम होणार नाही, ९० च्या वर बोगदे आहेत, एकटा करबुड्याचाच साडेसहा किलोमीटरचा, कॉल लावूच नकोस, फाइल आधी उतरवून घे.

काहीही घेतलंस तरी १६ जीबी रॅमच्या खाली घेऊ नकोस. हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर चिकटवलेली असते, नंतर वाढवता येत नाही, आज वाचवलेले पैसे तीन वर्षांनी नवीन लॅपटॉप घ्यायला लावतात.

— टोरांटोहून, आजी गुहागरची

* * *

बाय गो, माझा एकच म्हणणा आसा. आमच्याकडे वेंगुर्ल्याक काय पण कागद काढूचो झालो, सातबारो म्हण, बाबांचो रिपोर्ट म्हण, दुकानदार पयलो विचारता पेन ड्राइव्ह आसा काय.

म्हणजे ईमेल करता येतो, व्हॉट्सॲप पण चालतं, पण दुकानात नेट नसलं की पेन ड्राइव्हच लागतो, आणि बऱ्याच नवीन लॅपटॉपना ती मोठी यूएसबीच नसते. मी दोन्हीकडे तोंड असलेला पेन ड्राइव्ह घेतलाय, एका बाजूला टाइप-सी आणि दुसऱ्या बाजूला जुनी यूएसबी, त्यापुढे अडॅप्टर लागला नाही. दोन घे, एक घरी बाबांकडे राहू दे, त्यांचे सगळे रिपोर्ट त्यात टाकून ठेव, तू नसताना त्यांना डॉक्टरकडे नेणाऱ्याला उपयोगी पडतो. माझ्या वडिलांच्या वेळी रात्री अकरा वाजता आम्ही जुना एक्सरे शोधत घर उलथंपालथं केलं होतं म्हणून सांगतो.

आणि वॉरंटी. तिकडे घेतलेल्याला भारतात दुरुस्ती मिळते का ते मॉडेलप्रमाणे बदलतं, पैसे द्यायच्या आधी कंपनीच्या साइटवर बघ, दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नको. माझ्या एका मशीनला इथे हात लावायला नाही म्हणाले, नवीन असून.

— वेंगुर्ल्याचा दादा

* * *

भाच्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. १८ वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्युटीशिवाय नेता येतो, तो तुमच्या नेहमीच्या सामानाच्या ड्युटी-फ्री सवलतीहून वेगळा धरतात. दुसरा नेलास तर तो सवलतीत मोजला जातो आणि वरच्या रकमेवर ड्युटी लागते. भाच्याला तिथेच घेऊन दे, वॉरंटीही तिथली मिळेल, आणि त्याला आपल्या हाताने दुकानात जाऊन घ्यायला मिळेल ते वेगळंच.

— मंडळाची खजिनदार

* * *

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री सगळ्या मेल बाबांना फोनवर वाचून दाखवल्या, सिलिका जेलचं ऐकून त्यांनी दोनदा विचारलं ते कशाचं असतं म्हणून.

आयटीला विचारलं, आमचं व्हीपीएन मॅकवर चालतं, स्नॅपड्रॅगनवर त्यांनी तपासलेलं नाही असं सरळ सांगितलं, त्यामुळे तो रस्ता बंद. मग शनिवारी दुकानात जाऊन तासभर उभी राहिले, थिंकपॅड आणि एअर दोन्ही हातात घेऊन बघितले, दोन्ही माझ्याच जुन्या बॅगेत घालून खांद्यावर घेऊन चालून बघितलं, आणि काकांनी म्हटलं तसं चार्जर, वायर, पॉवर बँक सकट. फरक खांद्याला कळलाच नाही. मग पंखा नाही या एका गोष्टीवर एअर ठरवला, १३ इंची, १६ जीबी. टोरांटोच्या ताई, सिमचं तुझं म्हणणं मनात राहिलंय, त्यासाठी सिम घालायचं एक छोटं वायफायचं डबडं कणकवलीला घेईन, ते पॉवर बँकवर चालेल आणि बाबांचा फोनही त्याच्यावर लागेल.

दादा, दोन तोंडांचे दोन पेन ड्राइव्ह घेतले. एकात बाबांचे २०१९ पासूनचे सगळे रिपोर्ट भरायला घेतलेत, निम्मे स्कॅन झाले, बाकी तिकडे पोचल्यावर. वॉरंटीचं भारतात चालेल असं साइटवर बघून, पान छापूनच घेतलं.

भाच्याला कळवलंय की आपण दोघं मिळून दुकानात जायचं.

काका, एकच राहिलं, सिलिका जेलची मोठी पाकिटं इथून आणू का तिकडे मिळतात?

— ताई

* * *

इथून नको, ओझं कशाला. फोटो स्टुडिओवाल्याला विचार, पावसाळ्यात ते कॅमेऱ्याच्या लेन्सबरोबर तीच ठेवतात, मला दापोलीत तसंच एकाने आणून दिलं. दाण्यांचा रंग बदलणारी माग, रंग बदलला की ओल भरली असं समजायचं, मग ताटलीत पसरून मंद आचेवर तापवायची की परत वापरता येतात. ती ताटली मात्र जेवायला वापरू नका, वेगळी ठेवा, बाबांनाही सांगून ठेव.

— काका