दुकानातील नोकरांनी गिऱ्हाइकांना सणाच्या शुभेच्छा द्याव्यात की देऊ नयेत?

डिचोलीकर

काल एका सद्गृहस्थांनी असे लिहिले की, दुकानातील कर्मचाऱ्यांना 'शुभ दीपावली', 'मेरी ख्रिसमस', 'ईद मुबारक' यांपैकी काहीही उच्चारण्यास मालकांनी मनाई करावी, कारण दुकान हे ना देऊळ, ना इगर्ज, ना मशीद, आणि पैसे मोजून साबण विकत घेणाऱ्या माणसाला धर्माची आठवण करून देण्याचा अधिकार कोणालाही नाही. वाचून सोडून द्यावे असा माझा विचार होता. परंतु त्याखाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग पाहिली आणि राहवेना.

ज्या गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, नेवऱ्या शेजारच्या ख्रिस्ती घरी पोचतात आणि नाताळात त्याच घरातून दोदोल व बेबिंका आपल्याकडे येते, जेथे म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबिणीला (मेरीमातेला) तेल अर्पण करण्यासाठी हिंदूही जातात, तेथे काउंटरवरील मुलीने 'चवथीच्या शुभेच्छा' म्हटल्याने कोणाच्या धर्मस्वातंत्र्याला धक्का बसतो, हे मला कोणी तरी समजावून सांगावे. आमच्या गावचा पसरकार, म्हणजे किराणा दुकानदार, ख्रिस्ती होता. चवथीच्या आदल्या आठवड्यात खोबरेल तेलाची बाटली पुढे सरकवताना 'माटोळीला (गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीला) यंदा काय काय मिळाले?' असे तो न चुकता विचारत असे, आणि आमच्या नावावर उधारी किती आहे याची आठवणही त्याच दमात करून देत असे. त्याला कोणी गप्प बसायला सांगितले असते, तर गावाने त्या सांगणाऱ्यालाच वेड्यात काढले असते. २०११च्या जनगणनेनुसार गोव्यात सुमारे ६६ टक्के हिंदू, २५ टक्के ख्रिस्ती आणि ८ टक्के मुसलमान आहेत. इतक्या लहान प्रदेशात एकमेकांचे सण ठाऊक नसल्याचा आव आणणे हेच मला अधिक असभ्य वाटते.

मडगांवकरीण

डिचोलीकर, तुमचा पसरकार स्वतःच्या दुकानाचा मालक होता, एवढी एक गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे बाजूला ठेवली आहे. त्याला वाटले म्हणून तो विचारत होता. माझी भाची एका मोठ्या दुकानात बिलाच्या यंत्रावर उभी असे, तिला मात्र काय बोलायचे ते कागदावर छापून मिळत असे. डिसेंबरमध्ये डोक्यावर लाल टोपी घालायची, प्रत्येक बिलानंतर ठरलेले वाक्य म्हणायचे, आणि ते म्हटले की नाही हे पाहण्यासाठी पाठीमागे पर्यवेक्षक उभा. वाक्य राहून गेले तर महिनाअखेरच्या शेऱ्यात नोंद.

यातील सर्वांत लाजिरवाणा प्रसंग तर पुढेच आहे. सणांची यादी गोव्याबाहेरच्या मुख्य कार्यालयातून येत असल्यामुळे एके वर्षी तिला 'हॅपी गुड फ्रायडे' म्हणावे लागले. समोर काळ्या कपड्यांतील एक वृद्ध ख्रिस्ती बाई होत्या. त्या रागावल्या नाहीत. 'बाय, आज आमच्या सायबाला खुर्सावर खिळले तो दिवस' एवढेच म्हणाल्या आणि पिशवी उचलून निघून गेल्या. भाची घरी येऊन रडली. चूक यादी करणाऱ्याची होती, पण शरमेने मान खाली गेली ती तिची. अशा शुभेच्छांपेक्षा सरसकट बंदी बरी, असे मला अजूनही वाटते.

निवृत्त मास्तर

हा वाद नवीन नाही. अमेरिकेत वॉलमार्टने २००५ साली नाताळाच्या मोसमात 'हॅपी हॉलिडेज' हे शब्द पसंत केले, तेव्हा ख्रिस्ती संघटनांनी गदारोळ केला आणि २००६ साली कंपनीला पुन्हा ख्रिसमसचे नाव घ्यावे लागले. बहुसंख्यांना आपला सण नावानिशी ऐकायचा असतो, त्यात गैर काही नाही.

माझी तक्रार निराळी आहे. आजकाल काउंटरवर उभ्या असलेल्या मुलांना ना कोकणी येते, ना मराठी. बाहेरून आलेल्या या लोकांना आपली चवथ कशाशी खातात हे ठाऊक नसते, चवथीच्या आदल्या दिवसाची तय कोणती आणि नंतरच्या दिवसाची पंचम कोणती हे ठाऊक नसते, आणि तरीही 'हॅपी गणेशा, सर' म्हणून ते मोकळे होतात. अशा शुभेच्छा घेऊन मी काय करू?

मडगांवकरीण

मास्तर, अमेरिकेतून निघालात आणि थेट भायल्यांवर, म्हणजे बाहेरून आलेल्यांवर, येऊन उतरलात. ज्या मुलांना तुम्ही नावे ठेवता, ती तयेच्या दिवशी रात्री दहापर्यंत तुमचा गूळ, तूप आणि कापूर पिशवीत भरून देत असतात, कारण आपली मुले तोपर्यंत मूळ घरी जाऊन मखर सजवत असतात. त्यांनी मोडक्यातोडक्या शब्दांत का होईना, तुमच्या सणाचे नाव घेतले, तर त्यात तुमचे काय गेले? इतकी वर्षे मुलांना शिकवलेत, त्यांच्याशी असेच बोलत होतात का?

निवृत्त मास्तर

माझ्या अध्यापनावर घसरण्याचे कारण नव्हते. मी भाषेविषयी बोललो, माणसांविषयी नव्हे. ज्यांना हा भेद कळत नाही, त्यांच्याशी वाद घालण्याचे माझे वय राहिलेले नाही.

वाळपईचा वाचक

मी सत्तरी तालुक्यात मराठी माध्यमातून शिकलेला मुसलमान आहे, आणि या संपूर्ण चर्चेत ईदचा उल्लेख केवळ पहिल्या वाक्यात आला, याची नोंद घेऊन पुढे जातो.

मी शर्ट-पँट घालतो आणि दाढी ठेवत नाही. दिवाळीत मला प्रत्येक दुकानात शुभेच्छा मिळतात. मी त्या आनंदाने घेतो आणि उलट देतोही. माझी आई बुरखा घालते. त्याच रांगेत, माझ्या पाठोपाठ, त्याच मुलीपुढे ती उभी राहते तेव्हा मुलीच्या चेहऱ्यावरचे हसू मावळते आणि बिल मुकाट्याने हातात येते. आईला दिवाळीच्या शुभेच्छांचा राग येणार नव्हता. आमच्या शेजारच्या घरातील फराळ तिनेच आम्हाला वाटून दिलेला आहे. म्हणून शुभेच्छा द्याव्यात की नाही यापेक्षा, माणूस न्याहाळून कोणाला द्यायच्या आणि कोणाला नाही हे ठरवले जाते, ते मला अधिक खुपते. बंदीने ही अढी जाणार नाही, सक्तीनेही जाणार नाही, हे मला समजते. पण डिचोलीकरांच्या नेवऱ्या-दोदोलाच्या चित्रात आमच्या घरातला शीरखुर्मा कोठे असतो, एवढे विचारण्याचा अधिकार मला आहे असे मी मानतो.

डिचोलीकर

शीरखुर्मा राहून गेला हे मान्य, परंतु मी लिहीत होतो दुकानाविषयी, पक्वान्नांची यादी करत नव्हतो.

फोंड्याचा पसरकार

सगळे जण गिऱ्हाईक किंवा नातेवाईक म्हणून बोलत आहेत, म्हणून दुकानदाराचेही ऐकावे. मी तय, चवथ आणि पंचम असे तीन दिवस दुकान बंद ठेवतो. माझ्या वडिलांनीही तसेच ठेवले होते. मोठी दुकाने आता तयेला रात्रीपर्यंत आणि चवथीलाही उघडी असतात. त्यांत गोव्यातल्याच पेडण्याची, काणकोणची मुलेही नोकरीस असतात. ज्या मुलाला स्वतःच्या घरच्या गणपतीच्या आरतीला जाता येत नाही, त्याने दिवसभर दुसऱ्यांना चवथीच्या शुभेच्छा द्यायच्या, ही थट्टा कोणाच्याच लक्षात आली नाही, याचे मला नवल वाटते. नव्याच्या पंचमीला घरात नव्या कणसांची पूजा होत असते, आणि हा तेव्हा थंड पेयांच्या बाटल्या मांडत असतो.

मडगांवकरीण

ही मात्र मुद्द्याची गोष्ट झाली. आणि सुट्टीचे सोडा, त्यांना बसायलाही मिळत नाही. माझ्या भाचीच्या पायांच्या शिरा ऐन तारुण्यात सुजल्या. केरळात कोळिकोडच्या मिठाई रस्त्यावरील कापडदुकानांतील विक्रेत्या स्त्रियांनी यासाठी चळवळ केली, तेव्हा २०१८ साली तेथील कायद्यात दुरुस्ती होऊन दुकानातील कामगारांना बसण्याची सोय देणे बंधनकारक झाले. तामिळनाडूने २०२१ साली तेच केले. नाताळाची टोपी घालायला लावणाऱ्यांना एक साधी खुर्ची ठेवणे का सुचत नाही?

निवृत्त मास्तर

वाद घालणार नाही असे मी म्हणालो होतो, तरी एवढे विचारतो की खुर्ची आणि शुभेच्छा यांचा संबंध काय? उद्या वीजबिलाचाही विषय येथे निघेल.

मडगांवकरीण

संबंध असा की दोन्ही गोष्टी मालक ठरवतो. उभे राहायचे त्याच्या हुकमाने, हसायचे त्याच्या हुकमाने, आणि तुम्ही म्हणता ही गोव्याची आपुलकी.

फोंड्याचा पसरकार

आणि दुपारचेही बोला. आम्ही एक वाजता दुकान बंद करून जेवतो आणि थोडे आडवे होतो, म्हणून पर्यटक आम्हाला आळशी म्हणतात. त्या मोठ्या दुकानांत दुपार असते, हेच मुळी कोणाला ठाऊक नाही.

डिचोलीकर

सुट्टी, खुर्ची, दुपारची झोप. आता केवळ मासळीचे दर राहिले. मूळ प्रश्नावर येतो. छापील वाक्याच्या सक्तीचे समर्थन मी कधीच केलेले नाही, आणि गुड फ्रायडेचा प्रसंग वाचून मलाही संकोच वाटला. परंतु हुकूम वाईट असेल तर हुकूम काढावा. बंदी हाही मालकाचाच हुकूम असतो, एवढे मडगांवकरीण ताईंनी मान्य करावे.

मडगांवकरीण

मान्य, पण नाइलाजाने. मालकाला कोणताच हुकूम करता येऊ नये, हे मला अधिक आवडेल.

वाळपईचा वाचक

पसरकार बाब, तुमच्या दुकानात कोणती पद्धत आहे?

फोंड्याचा पसरकार

माझ्याकडे दोन मुले आहेत. मी दोघांनाही काहीच सांगितलेले नाही. एक येईल त्याला सणाचे विचारतो, मग समोर कोणीही असो, आणि बोलण्याच्या नादात सुटे पैसे परत द्यायला विसरतो. दुसरा कोणाशी चकार शब्द बोलत नाही. त्याचा हिशेब कधी चुकत नाही. गिऱ्हाइके पहिल्याच्याच समोर रांग लावतात.

मडगांवकरीण

आणि त्या दोघांना बसायला स्टूल आहे का, ते सांगायचे राहिले.

फोंड्याचा पसरकार

एक आहे. दुसरे चवथीनंतर आणतो.