मैत्रिणीला शहर दाखवायचा पहिला दिवस: तुमचं काय काय फसलं?

कागदी_होडी
काल कपाट आवरताना जुन्या पासपोर्टच्या कव्हरमधून चौकोनी घडीचा एक कागद पडला. माझंच अक्षर. '९.०० लूव्र. ११.४५ नोत्र दाम. १.१५ जेवण (२५ मि.). १.४० आयफेलकडे निघणे' असं करत करत रात्री दहापर्यंत. दोन ठिकाणी लाल पेनाने 'उशीर नको!!'

तेव्हा मी वर्षभर पॅरिसला होते आणि कॉलेजातली मैत्रीण तीन दिवसांसाठी येणार होती. आठवडाभर रोज रात्री तो कागद खोडून परत लिहीत होते. तिला काय बघायचंय हे मात्र एकदाही विचारलं नाही. हे काल कागद हातात धरल्यावर लक्षात आलं, इतक्या वर्षांनी.

तर पहिल्या दिवशी नऊच्या ठोक्याला आम्ही लूव्र म्युझियमच्या काचेच्या पिरॅमिडसमोर. रांगच नाही. म्हटलं, बघ, लवकर आल्याचा फायदा! जवळ गेलो तर दार बंद. मंगळवार. लूव्र मंगळवारी बंद असतं आणि वर्षभर तिथे राहून मला पत्ता नव्हता, कारण मी स्वतः गेले ते दर वेळी रविवारी.

मी रडायच्या बेतात. ही बाई शांतपणे पाण्याच्या हौदाच्या कठड्यावर बसली, बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि म्हणाली, "अगं, रात्रभर विमानात अवघडून बसलेय, जरा टेकू दे." दीड तास टेकलो. मग नदी ओलांडून ओर्सेला गेलो. ते १९०० सालचं रेल्वे स्टेशन, १९८६ पासून म्युझियम. वरच्या मजल्यावर भल्यामोठ्या घड्याळाच्या मागे उभं राहता येतं. आकडे उलटे दिसतात आणि काचेतून पलीकडचं शहर. तिथून ती हलेचना. कागदावर ओर्से नव्हतंच!

येऊ देत तुमचेही किस्से.

टिपटिप
हाहाहा मंगळवार 😂 आमचा शुक्रवार झाला होता. ताज. दिल्लीहून पहाटे निघून सहा जण आग्र्यात, आणि शुक्रवारी ताज पर्यटकांना बंद. नवरा अजून ऐकवतो. आता कुणी येणार म्हटलं की वार आधी विचारते, तारीख नंतर.

रिकामटेकडा
सगळ्यात घातकी सोमवार. लाल किल्ला, घारापुरी, फ्लॉरेन्सचं उफिझी म्युझियम, बीजिंगचा जुना राजवाडा, सगळे सोमवारी सुट्टीवर. सोमवारी पाहुण्याला झोपू द्यावं, त्यातच पुण्य आहे.

घड्याळजी
माझा गुन्हा लंडनचा. मित्राला लिहून दिलं होतं: 'लेस्टर स्क्वेअरला ट्यूब (भुयारी रेल्वे) पकड, पुढचंच स्टेशन कॉव्हेंट गार्डन, तिथे वर भेटू.' आज्ञाधारक माणूस. खाली उतरला, गाडी पकडली, पुढच्या स्टेशनात लिफ्टपाशी गर्दी बघून जिन्याने निघाला. त्या जिन्याला १९३ पायऱ्या आहेत. वर आला तेव्हा हाताने फक्त 'थांब' अशी खूण केली आणि खांबाला धरून उभा राहिला. नंतर कळलं, त्या दोन स्टेशनांमधलं अंतर सुमारे २६० मीटर आहे. गप्पा मारत चालला असता तरी माझ्याआधी पोचला असता.

चूक माझीच. ट्यूबचा नकाशा बघून दिवस आखला होता. तो नकाशा अंतरं सांगतच नाही. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने काढलेला हा नकाशा १९३३ साली लोकांच्या हातात आला. कुठे गाडी बदलायची तेवढं कळावं म्हणून त्याने सगळ्या रेषा सरळ केल्या आणि मधल्या गर्दीला ऐसपैस जागा दिली. त्यामुळे शेजारी दिसणारं लांब असतं आणि लांब दिसणारं गल्लीच्या टोकाला.

आता मी साध्या नकाशावर टिंबं काढतो आणि वर तळहात ठेवतो. हाताबाहेर जाईल ते दुसऱ्या दिवशी.

मधली_सुट्टी
@घड्याळजी पण तळहात कुठल्या नकाशावर? झूम केलं की सगळंच हाताबाहेर 😛

घड्याळजी
@मधली_सुट्टी कागदी हो! आम्ही जुने लोक.

खिडकीजवळ
वाचतेय. मस्त धागा. कुकर लावलाय, येते.

सहामाही
न्यूयॉर्क. भावाचा मित्र, पहिल्यांदाच देशाबाहेर. मी हुशारी केली: पहिल्या दिवशी पायपीट नको, स्टॅटन आयलंडची फेरीबोट. तिकीट नाही, एका बाजूला साधारण २५ मिनिटं, स्वातंत्र्यदेवी समोरून जाते. जाताना उजवी बाजू धरायची हेसुद्धा सांगून ठेवलं. बोट सुटली. मी उत्साहात इतिहास सांगतोय, १८८६ वगैरे. वळून बघतो तर साहेबांची मान कठड्यावर, तोंड उघडं. बरं म्हटलं, येताना बघेल. येतानाही झोपला. पुतळा दोनदा समोरून गेला आणि त्याने एकदाही पाहिला नाही. घरी आल्यावर रात्री दोन वाजता टक्क जागा, "आता कुठे जायचं?"

रिकामटेकडा
फोटो काढून ठेवायचास ना, झोपलेला तो आणि मागे देवी!

सहामाही
आहे. त्याच्या लग्नात स्क्रीनवर लावला होता.

उंबरठा
जेट लॅगचं कुणी मनावर घेत नाही. माझ्या अनुभवात पूर्वेकडे प्रवास केला की जास्त त्रास होतो. पहिल्या दिवशी बंदिस्त काही ठेवूच नये, थिएटर नाही, अंधाऱ्या दालनांचं म्युझियम नाही. उजेडात ठेवा माणसाला. दुपारी एक तास झोप द्यायची, पण गजर लावून. नाहीतर सहामाही यांच्यासारखी रात्र.

मधली_सुट्टी
टोकियोत मी मैत्रिणीला म्हटलं होतं "शिंजुकू स्टेशनच्या बाहेर उभी राहा, मी येते." बास. एवढंच. त्या स्टेशनला बाहेर पडायचे दोनशेहून जास्त रस्ते आहेत. ती एका दाराशी, मी दुसऱ्या. फोनवर दोघी भांडतोय, "समोर काय दिसतंय?" "उंच इमारत." "कुठली?" "सगळ्याच!!" पन्नास मिनिटं.

शेवटी वैतागून तिला म्हटलं, तू कुणालाही विचारत सरकारी बिल्डिंगला ये. टोकियो महानगराच्या सरकारी इमारतीत ४५व्या मजल्यावर, २०२ मीटरवर, मोफत गच्ची आहे. (गच्ची म्हणजे काचेच्या आत.) तिथे भेटलो आणि मग बरंच झालं, वरून बोट दाखवून म्हणाली, ते हिरवं काय आहे, तिकडे जाऊ. दिवस तिनेच ठरवला.

कागदी_होडी
@मधली_सुट्टी हे आवडलं! आधी उंचावर न्यायचं आणि विचारायचं कुठे जायचंय. माझा कागदच नको मग.

खिडकीजवळ
आले. माझं जरा वेगळं. बहिणीच्या साठीतल्या मैत्रिणी येतात माझ्याकडे, दर हिवाळ्यात कुणी ना कुणी. मी आता वहीत फक्त दोन गोष्टी टिपते: बाक आणि स्वच्छतागृह. हसू नका. स्मारक कुठे आहे ते कुणीही सांगेल, पण आत गेल्यावर किती चालल्यावर बसायला मिळतं हे कोण सांगणार? एका काकूंनी दिवसभर पाणीच प्यायलं नाही, "उगाच कुठे जायला लागलं तर" म्हणून. संध्याकाळी चक्कर आली. मला इतकं अपराधी वाटलं. तेव्हापासून सकाळी निघतानाच सांगते, इथे आहे, इथे आहे आणि इथे आहे. चेहरे असे सैल होतात ना!

उंबरठा
+१००. बाक हा विषय वेगळ्या धाग्याचा आहे.

टिपटिप
आणि बूट!! नवीन बूट घालून येतात लोक. मीच गेल्या शनिवारी घालून गेले पाहुण्यांबरोबर. टाचेला हा एवढा फोड आलाय.

खिडकीजवळ
@टिपटिप फोडू नकोस हां. पट्टी लाव आणि चपला घाल.

उद्याच_करू
मंडळी मदत!! धागा बघितला म्हणून इथेच विचारतो. मी रोमला नवीन आहे, मित्र शनिवारी सकाळी सातला उतरतोय, त्याची हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळणार. बॅग घेऊन कुठे फिरू? प्लॅन: शनिवारी ९ ला कलोसियम, रविवारी व्हॅटिकनची म्युझियम्स.

घड्याळजी
सातला उतरणारा नऊला कलोसियमच्या दारात? कलोसियमच्या तिकिटावर वेळ आणि नाव असतं. विमान लांबलं, बॅग उशिरा आली की गेलं. दुसऱ्या दिवशी ठेवा.

रिकामटेकडा
आणि रविवारी व्हॅटिकनची म्युझियम्स बंद, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. आलं ना परत वारावर!

उंबरठा
बॅग हॉटेलातच ठेवायला द्या, खोली दुपारी मिळाली तरी सामान सकाळी ठेवून घेतात बहुतेक ठिकाणी. आधी मेल टाकून विचारा. मग हात मोकळे ठेवून पँथिऑन (जुनं रोमन देऊळ) आणि त्रेवी कारंजं, दोन्ही चालत. पँथिऑनच्या घुमटाला मधोमध उघडं भोक आहे, ऊन आत गोल पडतं. जागरण झालेल्या माणसाला मान वर करून नुसतं उभं राहायला ते बरं. सेंट पीटर्स चर्चला जाणार असाल तर खांदे, गुडघे झाकलेले हवेत, हाफपँट बॅगेतच राहू दे.

उद्याच_करू
बापरे. बरं झालं विचारलं. मेल उद्या टाकतो.

सहामाही
नावाला जागलात 😂 आज टाका.

मधली_सुट्टी
आणि त्या मित्राला विचारा हो एकदा. त्याला कदाचित फक्त झोपायचं असेल.

उद्याच_करू
विचारलं आत्ता. म्हणाला, "तू काय दाखवशील ते." आता बोला!

रिकामटेकडा
'काही पण चालेल' म्हणणारे पाहुणे सगळ्यात अवघड. दुपारी चारला कळतं की म्युझियम त्यांना मुळात आवडतच नाही.

खिडकीजवळ
मग असं विचारा, 'काय बघितलं नाही तर चुकल्यासारखं वाटेल?' एकच गोष्ट सांग म्हणावं. माझ्याकडे एक जण म्हणाल्या होत्या, "मला ना, तिथल्या लोकांना सकाळी कामाला जाताना बघायचंय." आठ ते नऊ आम्ही मेट्रोच्या जिन्यापाशी उभ्या. इतक्या खूश होत्या!

कागदी_होडी
मी त्या कागदाचा फोटो काढून मैत्रिणीला पाठवला काल रात्री. आत्ता उत्तर आलं: "हे काय आहे? हा कागद मी कधी बघितलाच नाही." म्हणजे मी तिला दाखवलाही नव्हता! आणि खाली: "लूव्र बंद होतं होय? मला वाटलं तूच म्हणालीस बसू म्हणून."

सहामाही
😂😂😂

टिपटिप
@खिडकीजवळ फोड बराय आता, फोडला नाही. ते बूट कुणाला हवेत का? सहा नंबर, एकदाच घातलेत.