यूएसबीसाठी क्रिस्टल लावायलाच हवा का?

खटपट्या
तबल्याचा रियाज रेकॉर्ड करताना हात मोकळे राहावेत म्हणून एटीटायनी८५ या छोट्या मायक्रोकंट्रोलर चिपवर तीन बटणांचं पायपेडल केलंय. संगणकाला ते कीबोर्ड म्हणून दिसतं. चिपचा वेग ठरवायला बाहेरचा क्रिस्टल (अचूक ठोके देणारा क्वार्ट्झचा तुकडा) नाही, चिपच्या आतलाच ऑसिलेटर (ठोके देणारं सर्किट). एका मित्रानं बोर्ड पाहून नाक मुरडलं: "क्रिस्टलशिवाय यूएसबी म्हणजे जुगाड."

माझं म्हणणं, इथे क्रिस्टल लावणं हीच अंधश्रद्धा आहे. लो-स्पीड यूएसबी (कीबोर्डसारख्यांचा हळू प्रकार) सेकंदाला १.५ मेगाबिटवर चालतं आणि त्यात दीड टक्का चूक चालते, म्हणजे १५,००० पीपीएम (दहा लाखांत १५,०००). साधा क्रिस्टल ३० पीपीएमचा. गरजेच्या पाचशेपट अचूकता कशाला? पैशांचं सोडा, पिना मोजा. चिपला आठ पाय. पॉवर, ग्राउंड आणि रीसेट गेले की उरले पाच. यूएसबीचे दोन वजा केले की तीन. क्रिस्टल लावला तर बटणासाठी एकच उरतो!

जुना_सर्किटवाला
साफ असहमत. त्याच चिपची डेटाशीट वाचा. आतल्या ऑसिलेटरचं फॅक्टरीतून येणारं कॅलिब्रेशन (वेगाची जुळवणी) ±१० टक्के. दीड टक्क्याची गोष्ट करताय, सुरुवातच दहापासून आहे. तापमान आणि व्होल्टेज बदललं की हा आरसी (रेझिस्टर-कपॅसिटरचा) ऑसिलेटर सरकतो तो वेगळाच. क्रिस्टल आणि दोन २२ पीएफ कपॅसिटर, दहा-पंधरा रुपयांत काम होतं. एवढ्यासाठी रात्रीची झोप घालवू नये.

खटपट्या
दहा टक्क्यांवर कोण चालवतंय, साहेब? होस्ट, म्हणजे संगणक, दर मिलिसेकंदाला एक खूण पाठवतो. या चिपला यूएसबी बोलायला लावणारं व्ही-यूएसबीचं फर्मवेअर बस रीसेट झाल्यावर दोन खुणांमधलं अंतर मोजतं आणि ओएससीकॅल (ऑसिलेटरचा वेग बदलणारं रजिस्टर) त्यानुसार बसवतं. आठ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर सव्वाआठवर ओढायचा, पीएलएलमधून (वेग वाढवणाऱ्या सर्किटमधून) १६.५ मिळतात, म्हणजे एका बिटला बरोबर ११ सायकल. त्या वेगासाठीचा कोड एक टक्क्यापर्यंतची चूक सांभाळून घेतो. याच चिपचा डिजिस्पार्क बोर्ड असाच चालतो. संगणकाचा क्रिस्टल फुकटात वापरायचा, आपला कशाला?

डाळिंबी_उसळ
दोघंही रेझोनेटर विसरलात. क्रिस्टलचंच काम करणारा, पण कमी अचूक, तीन पायांचा सिरॅमिक रेझोनेटर, कपॅसिटर आतच, बोर्डावर जागा कमी. चूक साधारण अर्धा टक्का. लो-स्पीडला आरामात पुरतो.

जुना_सर्किटवाला
लो-स्पीडला हो. फुल-स्पीडला (यूएसबीचा त्यापेक्षा वेगवान प्रकार) मर्यादा ०.२५ टक्के, तिथे तुमचा अर्धा टक्का दुप्पट चुकला. अर्डुइनो उनो उलटा करून बघा. मुख्य ३२८ चिपला रेझोनेटर दिलाय, पण यूएसबी सांभाळणाऱ्या १६यू२ चिपला क्रिस्टल. उगाच दिलेला नाही. (रेझोनेटरनं डिजिटल घड्याळ केलेल्यांनी हात वर करा. दिवसाला काही मिनिटं चुकतं ते.) आणि पिना वाचत नाहीतच, दोन्ही पिना रेझोनेटरलाही लागतात.

डाळिंबी_उसळ
पिनांचं मान्य. पण फुल-स्पीडलाही क्रिस्टल हवाच हे आता जुनं झालं. एसटीएम३२एफ०४२ चिपमध्ये ४८ मेगाहर्ट्झचा आतला ऑसिलेटर आहे आणि तो यूएसबीच्या खुणांवर स्वतःला हार्डवेअरमधूनच जुळवत राहतो. सॅमडी२१ चिप तेच करते. सीएच५५२ सारखी स्वस्त चिपसुद्धा बाहेरच्या क्रिस्टलशिवाय फुल-स्पीड चालवते. तेव्हा घड्याळ निवडण्याआधी चिप निवडा. ब्लू पिल (एसटीएम३२एफ१०३ चिपचा बोर्ड) घेतली तर मात्र तिच्यावरचा आठ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल काढायला जाऊ नका. एफ१०३ ला हे जुळवणं येत नाही.

जुना_सर्किटवाला
"जुळवत राहतो" हे महत्त्वाचं. खटपट्यांचं पेडल एकदाच जुळतं, प्लग लावल्यावर. नंतर चिप तापली तर? हेअर ड्रायर घ्या आणि बघा.

खटपट्या
घेतला. (घरातल्यांना कारण सांगितलेलं नाही.) आधी काही झालं नाही. चिपला बोट लावता येईना इतकी तापल्यावर पेडल गप्प. पण तशीच गरम असताना केबल काढून पुन्हा लावली, तर लगेच चालू!

जुना_सर्किटवाला
म्हणजे मी म्हणालो तेच.

खटपट्या
अर्धं तुमचं, अर्धं माझं. ऑसिलेटर सरकला हे खरं. पण तो पुन्हा जुळला तेव्हा क्रिस्टल कुठे होता? व्ही-यूएसबीच्या सोबत ऑस्कट्यून नावाचा कोड आहे, तो खुणा मोजत चालू असतानाच ओएससीकॅल हलवत राहतो. फक्त चिपची इंटरप्ट पिन (खूण आल्याचं चिपला कळवणारी) यूएसबीच्या डी-प्लस तारेऐवजी डी-मायनसला जोडावी लागते, म्हणजे माझ्या बोर्डावर दोन ट्रॅक कापून वायर टाकायची. रविवारी करतो.

जुना_सर्किटवाला
दोन ट्रॅक कापणार, वायर टाकणार, पण दहा रुपयांचा क्रिस्टल नाही लावणार.

खटपट्या
मग तिसरं बटण कुठे लावू, ते सांगा.