भातलावणीचा टाइमलॅप्स अपलोड केला की नुसतं शेवाळ दिसतं, एक्सपोर्टला काय ठेवू?

बांधावरचा:
नमस्कार मंडळी. जुलैमध्ये आमच्या मावळातल्या खाचरात लावणीचा टाइमलॅप्स केला. सकाळी साडेआठला बांधावर ट्रायपॉड रोवला, कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी, वरून छत्री बांधली आणि दर १० सेकंदाला एक फोटो, दुपारी अडीचपर्यंत. २१६० फोटो झाले. चिखलणी केलेलं तपकिरी खाचर एकेका ओळीनं हिरवं होत जातं, वरनं ढग पळतायत, मध्येच सर येऊन जाते. लॅपटॉपवर एकेक फोटो उघडून बघितला तर पाण्यातलं रोपांचं प्रतिबिंबसुद्धा दिसतं, आईच्या हातातली रोपांची मूठ दिसते.

एक्सपोर्ट केलं १०८०पी, ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम), एच २६४, बिटरेट ८ एमबीपीएस (सेकंदाला ८ मेगाबिट). ७२ सेकंदांचा व्हिडिओ. अपलोड केल्यावर रोपं सगळी एकमेकांत मिसळून हिरवा लगदा झालाय, ढगांमध्ये चौकोन आणि पायऱ्या दिसतायत, आणि उजेड सारखा लुकलुकतो. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला तर कोण बाई कोण तेच ओळखू येईना, आणि मला तर सावडीला आलेल्या त्या बायांनाच दाखवायचा होता हो. फोटो २४ मेगापिक्सेलचे आहेत, रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल्स, ठेवलेत सगळे. अॅपर्चर प्रायोरिटीवर (अॅपर्चर माझं, शटर कॅमेरा ठरवतो) होता कॅमेरा, शटर १/५०० च्या आसपास. कापणीच्या आधी नीट करून द्यायचाय, सांगा काय बदलू.

घाटमाथा_७:
बिटरेट वाढवा ना, १०० टाका, विषय संपला.

एडिटटेबल:
१०० नं विषय संपत नाही. ८ कमी आहे हे मात्र खरं. साध्या व्हिडिओत मागची भिंत, झाड, जमीन तशीच राहते, कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणारा प्रोग्राम, फक्त हललं तेवढंच नव्यानं लिहितो. तुमच्या दोन फ्रेममध्ये १० सेकंद गेलेत, तेवढ्यात ढग सरकला, पाण्यावर नवीन तरंग, प्रत्येक पात वाऱ्यानं वेगळीकडे वाकलेली, बाया दोन पावलं मागे आलेल्या. म्हणजे जवळजवळ पूर्ण चित्रच दर वेळी नव्यानं लिहावं लागतं आणि ८ मध्ये ते मावत नाही, मग तो सगळ्यात बारीक गोष्टी आधी पुसतो. तुमच्याकडे बारीक म्हणजे रोपंच.

आता अपलोड केल्यावर साइट तुमची फाइल पुन्हा स्वतःच्या हिशेबानं कॉम्प्रेस करतेच, त्यामुळे १०० नं फक्त अपलोड लांबतं, ५०-६० च्या पुढे मला तरी डोळ्याला फरक दिसला नाही. खरा फरक रिझोल्यूशननं पडतो. यूट्यूबच्या स्वतःच्या शिफारशीतच ३० एफपीएसपर्यंत १०८०पी ला ८ एमबीपीएस आणि ४के ला ३५ ते ४५ आहे, आणि ४के टाकलेल्या व्हिडिओला त्यांच्याकडून मिळणारा बिटरेटही तसाच मोठा असतो. तुमचा फोटो ६००० बाय ४००० आहे, वरखालचं कापून १६:९ केला तर ६००० बाय ३३७५ उरतो, तो ३८४० बाय २१६० ला आरामात बसतो. ४५ एमबीपीएसनं ७२ सेकंदांची फाइल साधारण ४०० एमबी होईल, तेवढी होऊ द्या. बघणाऱ्याचा स्क्रीन १०८० चा असला तरी २१६० निवडून बघितलं की रोपं सुटी दिसतात. आणि टाकल्या टाकल्या बघून निराश होऊ नका, आधी हलक्या प्रतीचं व्हर्जन तयार होतं, ४के मागून येतं.

अजून एक, फोटोंची सीक्वेन्स इम्पोर्ट करताना सॉफ्टवेअरनं ती २५ ला उचलली आणि टाइमलाइन ३० ची असेल तर दर पाच फ्रेमनंतर एक फ्रेम दोनदा येते, ढग अडखळत चालतात. दोन्हीकडे एकच आकडा आहे ना बघा. मी तर २५ च ठेवेन, २१६० फ्रेमचे ८६ सेकंद होतील, लावणी घाईघाईत उरकल्यासारखी वाटणार नाही.

इंद्रवज्र:
वरचं सगळं बरोबर, पण माझ्या मते एक्सपोर्टच्या खिडकीत पोचायच्या आधीच निम्मं काम बिघडलंय. ते लुकलुकणं आधी काढा. अॅपर्चर प्रायोरिटीवर ढग आला की कॅमेरा एक्सपोजर बदलतो, ऊन आलं की परत बदलतो, शिवाय लेन्सचं अॅपर्चर दर फोटोला मिटतं ते अगदी तंतोतंत त्याच जागी मिटत नाही. आपल्याला ते नुसतं लुकलुकणं वाटतं, कोडेकला मात्र पूर्ण फ्रेम बदलली असं दिसतं आणि सगळा बिटरेट त्यातच खर्च होतो. रॉ आहेत ते फार बरं झालं. एलआरटाइमलॅप्स या सॉफ्टवेअरमधून डीफ्लिकर करा, म्हणजे फ्रेमफ्रेममधला उजेड सारखा करा, नाहीतर एफएफएमपेग या कमांडनं चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डीफ्लिकर नावाचा फिल्टर आहे तो फुकट आहे. दाविंची रिझॉल्व्हमध्येही आहे पण पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत.

रॉ डेव्हलप करताना शार्पनिंग आणि क्लॅरिटी कमी करा. फोटोत छान दिसणारी ती धार टाइमलॅप्समध्ये हजारो पातींवर चरचरते. ढगांमधल्या पायऱ्यांसाठी मधल्या फाइल्स जेपेगऐवजी १६ बिट टिफमध्ये काढा, रंग शेवटी एकदाच ८ बिटला येऊ दे.

१/५०० मुळे प्रत्येक फ्रेम गोठलेली आहे, त्याला आता एकच उपाय, शेजारच्या दोन फ्रेम एकमेकीत मिसळायच्या, एफएफएमपेगच्या टीमिक्स फिल्टरनं होतं. पाणी आणि ढग मऊ होतात, नॉइजही उतरतो. पण दोनच मिसळा, तीन केल्या तर बायांच्या पाठीमागे भुतासारख्या सावल्या यायला लागतात, मी करून बघितलंय.

खिडकीतून:
टिफवरनं थेट एच २६४ करणार असाल तर पिक्सेल फॉरमॅट (रंग साठवायची पद्धत) वाययूव्ही ४२०पी आहे याची खात्री करा, एफएफएमपेग आपणहून वाययूव्ही ४४४ निवडतं आणि मग बऱ्याच फोनवर फाइल उघडतच नाही. रंग एसआरजीबीमध्ये काढा, अॅडोबी आरजीबी राहिलं तर ती कोवळी पोपटी हिरवी एकदम मळकी दिसेल.

आता बायांचं. त्यांच्यासाठी अख्खं खाचर १०८० मध्ये दाबू नका, चेहरा तिथं मिळून दहा-बारा पिक्सेल उरतो. ६००० रुंदीच्या फोटोतून थेट १९२० बाय १०८० चा तुकडा कापा, अजिबात लहान न करता, जिथं त्या ओळीनं वाकलेल्या आहेत तिथला. २० सेकंद घ्या, १२ एमबीपीएस ठेवा, ३० एमबीची फाइल होते. ग्रुपवर व्हिडिओ म्हणून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे व्हॉट्सअॅप पुन्हा कॉम्प्रेस करत नाही. या तुकड्याला फ्रेम मिसळू नका, चेहरे स्वच्छ हवेत.

बांधावरचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. चार रात्री बसलो. रॉमधून शार्पनिंग उतरवून टिफ काढल्या, जागा इतकी लागली की भावाची हार्डडिस्क मागून आणली. डीफ्लिकर केलं तिथंच अर्धा फरक पडला, त्याच ८ एमबीपीएसला मुद्दाम काढून बघितलं तरी आधीपेक्षा चांगलं आलं. मग दोन फ्रेम मिसळून ४के, २५ एफपीएस, ४५ एमबीपीएस. अपलोड करून तासाभरानं बघितलं, बांधाजवळची रोपं एकेक मोजता येतात. पलीकडच्या कडेला थोडा लगदा अजून आहे, पण सर येते तेव्हाच.

तुकडा डॉक्युमेंट म्हणून पाठवला. आईनं फोन हातात घेऊन एकेकीला नावानं ओळखलं, आणि मागच्या ओळीत कोण मूठ मूठ पुढे फेकतंय तेही सांगितलं, मला ते फोटोत कधी दिसलंच नव्हतं.

@इंद्रवज्र, कापणीला मॅन्युअल एक्सपोजर ठेवतो. उन्हात शटर अर्ध्या सेकंदावर आणायचं तर एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काळी काच) किती स्टॉपचा घेऊ?

इंद्रवज्र:
कडक ऊन, आयएसओ १००, एफ ११ ला शटर साधारण १/२५० येतं. तिथून अर्ध्या सेकंदाला ७ स्टॉप लागतात, एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. ६ स्टॉपचा घ्या आणि अॅपर्चर एफ १६ करा. फोकस आणि फ्रेम आधी लावून मगच फिल्टर चढवा, आणि व्हाइट बॅलन्सही ऑटोवर सोडू नका.