टीव्ही लावला की टीव्हीच दिसावा, असा टीव्ही अजून मिळतो का?

रामबागचा फिटर
मंडळी, प्रश्न आईचा आहे, टाईप मी करतोय. आई ८१ वर्षांची. इंदूरला रामबागेत आमचं जुनं घर. मी पीथमपूरला कारखान्यात मेंटेनन्सला आहे, सेकंड शिफ्ट असली की दुपारपासून मध्यरात्रीपर्यंत घरात ती एकटी. तिला लागतात बातम्या, एक मालिका आणि सह्याद्रीवरचं गाणंबजावणं. इकडे मराठी चॅनल वेगळे पैसे भरून घ्यावे लागतात आणि ती ते पुरेपूर वसूल करते.

जुना डबा टीव्ही बावीस वर्षं चालला. बटण दाबलं, टक्‌ झालं, चित्र आलं. रिमोटवरचे आकडे पार पुसले गेले होते, पण तिच्या अंगठ्याला सगळे पाठ. मागच्या दिवाळीत जेल रोडवरून ४३ इंची स्मार्ट टीव्ही आणला आणि तेव्हापासून शिफ्टमध्ये फोन सुरू झाले. "अरे, हा पुन्हा त्या चौकटींवर गेला."

चौकटी म्हणजे होम स्क्रीन. नव्या रिमोटवर आकडे नाहीतच. खालच्या अंगाला ॲपची चार बटणं, आवाजाच्या बटणाला लागून, त्याच मापाची, त्याच रबराची. आवाज वाढवताना अंगठा घसरतो, ॲप उघडतं आणि विचारतं, कोण बघतंय? आई म्हणते, "मीच. दुसरं कोण आहे घरात?" मग मागे जायचं बटण दाबते ते थेट चौकटींवर. अर्ध्या पडद्यावर कुठल्यातरी सिनेमाची जाहिरात, आणि सेटटॉप बॉक्सकडे परत न्यायची खूण वरच्या कोपऱ्यात, हरभऱ्याएवढी. तिचा मोतीबिंदू काढलाय, पण म्हणून काय.

लाईटचं वेगळंच. पावसाळ्यात इथे झटके देत जाते. परत आली की टीव्ही आधी कंपनीची खूण दाखवत बसतो, मग चौकटी. बॉक्स लावावा तर तो अजून जागाच होत असतो, म्हणून पडद्यावर "सिग्नल नाही" तरंगत राहतं. आईला वाटतं केबल गेली. केबलवाला दोनदा येऊन गेला. एक बटण दाबलं, चहा घेतला, "दादी, इनपुट बदल गया था" म्हणाला. इनपुट म्हणजे काय ते तिला कुणी सांगितलं नाही, आणि तिला का माहीत असावं?

माईकवर एकदा "सह्याद्री लाव" म्हणाली. डोंगरांचे व्हिडिओ आले.

आमच्या प्रेसवर इमर्जन्सीचं बटण लाल असतं, छत्रीसारखं, हाताच्या पल्ल्यात. आज कामावर आलेलं पोरगंही अंधारात चाचपून दाबू शकतं. ह्या टीव्हीवर मात्र एका रात्री अपडेट आलं आणि ती हरभऱ्याएवढी खूणसुद्धा सेटिंगच्या आत गेली. माझ्या हाताखालच्या पोराने रात्रीतून पॅनेलवरची बटणं अशी हलवली असती तर मी त्याला गेटबाहेर घातला असता.

तर, ४३ इंचात साधा टीव्ही मिळतो का? नसेल तर ह्यालाच बावळट कसा करायचा? मला फोन न करता आईने स्वतःच्या हाताने टीव्ही लावावा, एवढीच मागणी आहे.

लष्करवाली
आमच्याकडे ग्वाल्हेरला सासऱ्यांचं हेच. मी पॉवरच्या बटणावर माझी वेल्वेटची टिकली चिकटवली, बोटाला लागते. ॲपच्या बटणांखाली जाड पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून बघितले, रिमोटच उघडा पडला, ते करू नका. आणि चित्र पण तपासा हो. आमच्याकडे जुने सिनेमे असे गुळगुळीत दिसायचे की मामंजी म्हणाले, ही तर रंगीत तालीम वाटते.

तारयंत्र
ताई, ते गुळगुळीत म्हणजे मोशन स्मूदिंग. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने रचून घालतो. पिक्चरच्या सेटिंगमध्ये बंद होतं. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं. दुकानातल्या झगझगाटात उठून दिसावं म्हणून लावलेला भडक मोडही काढून टाका.

फिटरदादा, साधा टीव्ही सहसा ३२ इंचापर्यंतच मिळतो. ४३ मध्ये दुकानात लावायचे डिस्प्ले असतात, पण ते महाग आणि त्यांची सर्व्हिसही वेगळी. स्मार्टच सगळीकडे दिसतो, कारण विक्रीनंतरही कमाई चालू राहते. होम स्क्रीनवरची जागा विकली जाते, तुम्ही काय बघता त्याची नोंदही विकली जाते. पडद्यावरच्या चित्राचे बारीक ठसे घेऊन ते माहीत असलेल्या कार्यक्रमांच्या यादीशी ताडायचे, असं तंत्र आहे, आणि ते बाहेरून लावलेल्या बॉक्सच्या चित्रावरही चालतं. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला हे न विचारता केल्याबद्दल २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरावे लागले. १ कोटी १० लाख टीव्हींचा मामला होता.

आता उपाय. टीव्ही रीसेट करा आणि वायफाय देऊच नका. गूगल टीव्ही असेल तर सुरुवातीलाच "बेसिक टीव्ही" असा पर्याय येतो, तो घ्या. मग सेटिंगमध्ये, चालू झाल्यावर शेवटचं इनपुट (म्हणजे टीव्ही कुठल्या तारेवरचं चित्र दाखवतो ते) दाखव, असं काही आहे का शोधा. आणि टीव्हीचा रिमोट कपाटात टाका. सेटटॉप बॉक्सचे बरेच रिमोट टीव्हीचं पॉवर बटण शिकून घेतात, दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून धरायचे. आवाज टीव्हीचा एकदा ठरवून ठेवा, पुढे कमीजास्त बॉक्सचाच करा.

दांडियाबाजारकर
एवढा खटाटोप कशाला? आमच्या बडोद्याच्या आत्याबाई ८४ च्या आहेत, यूट्यूबवर कीर्तनं लावतात. शिकवलं की येतं. आपणच म्हाताऱ्यांना कमी लेखतो.

रामबागचा फिटर
काका, आईने ४० वर्षं शाळेत गणित शिकवलंय, तिला कमी लेखायची माझी प्राज्ञा नाही. यूट्यूबही शिकवलं होतं. तिला आलं. मग अपडेट आलं आणि शिकलेलं सगळं जागेवरून हललं. दर दोन महिन्यांनी पाढे बदलले तर तुमच्या आत्याबाई काय करतील?

तारयंत्र, रविवारी सगळं केलं. शेवटच्या इनपुटची सेटिंग तीन पायऱ्या आत होती, "पॉवर"मध्ये नव्हे, भलत्याच ठिकाणी. बॉक्स चालू झाला की टीव्हीनेही आपोआप चालू व्हावं म्हणून एचडीएमआय तारेची ती सीईसी सोयही लावली, पण आमचा बॉक्स त्या भाषेत बोलतच नाही. रिमोट मात्र तिसऱ्या खेपेला शिकला. लष्करवाली ताई, टिकली लावली. आई म्हणाली, सौभाग्यवती रिमोट झाला.

लष्करवाली
😄 अहो, लाईट गेल्यावर काय झालं ते सांगा.

रामबागचा फिटर
गुरुवारी गेली. मी लाईनवर होतो, घरून फोन आला नाही म्हणून मीच केला. तर म्हणे, मालिका चालू आहे, नंतर बोल.

एकच राहिलं. सह्याद्रीवर जुनी रेकॉर्डिंग लागली की माणसं आडवी पसरतात. आईने विचारलं, ह्या बाईंना थायरॉईड होता का?

तारयंत्र
रुंदीला उंचीशी धरलं तर जुनं चित्र ४:३ चं, पडदा १६:९ चा. बॉक्स ते ताणतो. हे टीव्हीत शोधू नका, बॉक्सच्या सेटिंगमध्ये "डिस्प्ले" किंवा "आस्पेक्ट रेशो" बघा. ताणणं बंद केलं की चित्र मूळ आकारात येईल, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील.

रामबागचा फिटर
केलं. बाई बारीक झाल्या. आता आई म्हणते, बाजूला काळं का सोडलंय, पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत ना?